कानाच्या उंचीवरची फळी

"मग? उघडलं का तिनं दार?"

हा प्रश्न वर्गातून आला नव्हता. वर्गातली माणसं श्वास रोखून बसली होती. त्यांच्या बाईंनी नेहमीप्रमाणे ऐन वेळी गोष्ट थांबवली होती. गोष्टीतली बाई कडीवर हात ठेवून उभी, बाहेर पुन्हा एकदा थाप पडलेली, आणि... बस्.

वर्गातल्या बाईनं मान वर केली. दोन वर्गांच्या मधे फळ्यांचा एक आडोसा होता, छतापर्यंत न पोचलेला. त्याच्यावरून एक डोकं डोकावत होतं. केसांत भुसा, भुवयांवर भुसा, कानावर पेन्सिल. आणि नजर अशी, की जणू थाप त्याच्याच दारावर पडली आहे.

"तुम्ही... तुम्ही कोण?"

"मिस्त्री. ही भिंत पक्की करायला बोलावलंय मला. इकडचा आवाज तिकडे जातो म्हणे."

"जातो ना," ट्रकवाले काका म्हणाले. "पुरावाच वर लटकतोय!"

सगळा वर्ग खो खो हसला. तोही हसला, आणि हसताना त्याच्या भुवयांवरचा भुसा खाली जमिनीवर पडला. बाईला मात्र हसू फुटेना. 'आवाज' हा शब्दच हल्ली तिला नकोसा झाला होता.

संध्याकाळचा वर्ग होता तो. दिवसा इथं मुलांची शाळा भरायची आणि दिवेलागणीला याच बाकांवर मोठी माणसं येऊन बसायची. कुणी ट्रक चालवणारं, कुणी दवाखान्यात लादी पुसणारं, कुणी दिवसभर इस्त्री करून हात पोळवून घेतलेलं. लिहायला-वाचायला यावं आणि चार माणसांत न अडखळता बोलता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आधीच्या बाई पुस्तकातले धडे एका सुरात म्हणून घ्यायच्या. धडे पाठ झाले, पण खिडकीवरच्या कारकुनानं "काय काम आहे?" विचारलं की जीभ टाळ्याला चिकटायची ती चिकटायचीच.

या नव्या बाईनं पुस्तक कपाटात ठेवलं आणि छोट्या छोट्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. आज अर्धी गोष्ट, नुसती ऐकायची. उद्या प्रत्येकानं पुढं काय झालं ते आपल्या तोंडानं सांगायचं. मग त्यांचेच शब्द ती फळ्यावर लिहायची, ते वाचायचे, आणि शेवटी ज्याची गोष्ट त्यानं लिहून काढायची. इस्त्रीवाल्या मावशी कित्येक महिने मुंडी हलवण्यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या. पहिल्याच गोष्टीला त्या उसळून म्हणाल्या, "दुसरं कोण असणार? सासूच असणार मेली!" त्या दिवसापासून त्यांचं तोंड उघडलं. बाईचं नावच पडलं, गोष्टीबाई.

पण उघडलेल्या तोंडांचा आवाज होतो. शेजारच्या खोलीत हिशेबाचे मास्तर शिकवायचे. त्यांच्या वर्गातली माणसं बेरजा सोडून इकडे कान लावू लागली. मास्तर तक्रार घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. या संध्याकाळच्या वर्गांचा सगळा कारभार मोठ्या बाईंच्या हातात होता. त्यांनी गोष्टीबाईला बोलावून शांतपणे सांगितलं,

"मी भिंत पक्की करून घेते. शुक्रवारी समितीचे साहेब तपासणीला येतील. तोवर आवाज बंद झाला तर तुझ्या गोष्टी चालू राहतील. नाही तर पुन्हा पुस्तक. आणि पुस्तक म्हणून घ्यायला आमची जुनी माणसं आहेत."

म्हणजे तू नकोस. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, इतकंच. गोष्टीबाई हंगामी होती. "बरं" एवढंच म्हणून ती बाहेर आली आणि आपलं काम जाऊ शकतं, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. परक्यांच्या गोष्टी ती तासभर सांगू शकायची, पण स्वतःचं काही सांगायचं झालं की तिचे शब्द घशातच आडवे यायचे.

काम होईपर्यंत मास्तरांचा वर्ग बाहेरच्या व्हरांड्यात हलवला होता. मिस्त्रीला अट एकच, वर्ग चालू असताना ठोकाठोक करायची नाही. त्यामुळं गोष्ट चालू असली की पलीकडून फक्त पॉलिशपेपरची खरखर यायची... आणि गोष्ट रंगात आली की तीही थांबायची.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापले शेवट सांगितले. ट्रकवाल्या काकांच्या दारात चोर होता, दवाखान्यातल्या ताईच्या दारात हरवलेला भाऊ. एवढ्यात वरून आवाज आला,

"माझं ऐकणार का कुणी?"

"तुमचं नाव हजेरीत नाही," गोष्टीबाई म्हणाली.

"सांगू द्या हो," मावशी म्हणाल्या. "गरीब बिचारा, शिडीवर उभं राहून शिकतोय."

मिस्त्रीनं घसा साफ केला. "दार उघडलं तर बाहेर कुणीच नाही. कारण कुणी थाप मारतच नव्हतं. पावसानं दार फुगलंय, चौकटीत बसत नाही, वाऱ्यानं आपटतं. दोन हात रंधा मारला की थाप बंद."

वर्ग हसून लोळला. गोष्टीबाईनंही ओठ दाबले.

"तुमच्या गोष्टीत माणूसच नाही, मिस्त्री."

"आहे ना. दार दुरुस्त करायला कोण येणार मग?" तो म्हणाला. आणि जरा थांबून, हळूच, "आणि ते दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील, ते त्या बाईवर आहे."

गोष्टीबाईनं पटकन फळ्याकडे तोंड वळवलं. लिहायला घेतलेला खडू दोन तुकडे होऊन खाली पडला.

त्यानंतर रोज काहीतरी व्हायचं. तिचं डुगडुगणारं टेबल एके दिवशी आपोआप स्थिर झालं. फळ्याखाली खडू ठेवायला एक बारीकशी लाकडी पट्टी आली, तिच्या कडा बोटाला लागू नयेत म्हणून घासून गोल केलेल्या. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की वरून हाक यायची, "बाई, जरा मोठ्यानं! मागच्या बाकावर ऐकू येत नाही." ती मोठ्यानं बोलायची आणि लगेच दाराकडे बघायची, मोठ्या बाई तर नाहीत ना तिथं?

मधल्या सुट्टीत तो चहाचा पेला घेऊन तिच्या खिडकीशी यायचा. अंगाला ताज्या लाकडाचा वास.

"तुम्हाला घरी गोष्टी सांगणारं कुणी नाही वाटतं?" तिनं एकदा विचारलं.

"आई आहे. पण तिची एकच गोष्ट — 'लग्न कर'. तिचा शेवट मला पाठ आहे."

"मग करा की."

"गोष्ट अर्धी सोडणारी माणसं भेटतात, बाई. काय करणार?"

ती काहीतरी फटकन बोलणार होती. पण पेल्यातल्या चहाची वाफ त्याच्या चेहऱ्यावरून वर जात होती, पाऊस खिडकीच्या गजांवरून ठिबकत होता, आणि तो तिच्याकडे बघत होता... बोलायचं तेच ती विसरली.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे.

"आज केस दोनदा विंचरले गं बाईनं. समिती तर शुक्रवारी येणार ना?"

"काहीतरीच काय, वहिनी!"

"मी कुठं काय म्हटलं? समिती बघायला येईल, तर नीट दिसायलाच हवं."

गोष्टीबाई हसली, पण तिला रात्री झोप लागेना. भिंत पुढं सरकत नव्हती. सोमवारी मिस्त्री म्हणाला, माल यायचाय. मंगळवारी म्हणाला, या हवेत फळ्या चिकटवायचा सरस सुकत नाही.

"माझे कपडे वाळतात आणि याचा सरस वाळत नाही!" मावशी तिच्या कानाशी पुटपुटल्या. "बाई, जरा बघा हो. पलीकडे एक तयार फळी कालही कपाटामागंच उभी होती."

गुरुवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी गोष्टीबाई पहिल्यांदाच पलीकडच्या खोलीत गेली. भिंत छताला टेकलेली. दोन फळ्यांच्या मधे काथ्या ठासून भरलेला. काम इतकं सुबक, की तिनं सुटकेचा श्वास टाकला. आणि मग तिला ती फट दिसली. एकाच फळीची जागा मोकळी होती. तिच्या फळ्याच्या अगदी शेजारी, जिथं उभी राहून ती गोष्ट सांगायची. फटीजवळ एक स्टूल ठेवलेलं. स्टुलावर बसलं तर फट बरोबर कानाच्या उंचीवर येत होती.

मिस्त्री कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात ब्रश बुडवत होता. तिला बघून उभा राहिला.

"ही फळी?" ती म्हणाली.

"ती... तिचं माप जरा..."

"खरं सांगा."

त्यानं ब्रश खाली ठेवला. "सोमवारीच तयार होती. बसवली की ऐकू येणं बंद. म्हटलं, चालू गोष्ट तेवढी संपू दे. ती संपली, तर काल पेटीवाल्या बाईची नवी सुरू झाली."

"गोष्ट संपू दे?" तिचा आवाज चिरकला. "उद्या तपासणी आहे! आवाज बंद झाला नाही तर गोष्टींचा तास बंद. आणि तो बंद झाला की माझं इथं काही काम नाही. मावशींच्या तोंडात पुन्हा तेच धडे, आणि मी घरी. तुमच्या कानाच्या हौसेपायी!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. भुसा झाडायला उचललेला हात तसाच राहिला.

"मला कुणी सांगितलं नाही, बाई. मला वाटलं, मास्तरांची कुरकुर आहे, चार दिवस उशीर झाला तर काय बिघडलं... तुम्ही तरी सांगायचं! रोज एवढं बोलता, पण स्वतःविषयी एक अक्षर नाही."

ते खरं होतं.

"आत्ता बसवतो," त्यानं हातोडी उचलली. "घटकेचं काम आहे."

"हातोडी खाली ठेवा," दारातून मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्यामागं छत्री मिटत एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. "साहेबांना उद्या दुसरीकडे जायचंय, म्हणून आजच आलेत. वर्ग सुरू कर. मास्तरांनाही याच खोलीत बोलावलंय, म्हणजे आवाज जातो की नाही ते कळेलच. मिस्त्री, आता ठोकाठोक नको."

गोष्टीबाई आपल्या वर्गात आली तेव्हा साहेब मागच्या बाकावर बसले होते आणि मोठ्या बाई त्यांच्या शेजारी. भिंतीपलीकडून मास्तरांचं घसा खाकरणं स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे इकडचं तिकडेही तितकंच स्पष्ट जाणार.

तिनं कपाट उघडलं आणि पुस्तक बाहेर काढलं.

"धडा तिसरा," ती म्हणाली. "माझ्यामागून हळू म्हणा."

माणसं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली. मग हळू म्हणू लागली. एका सुरात, कुजबुजल्यासारखी. ट्रकवाल्या काकांचे डोळे मिटायला लागले. साहेबांनी एक जांभई मिशीत दाबली. आवाज अजिबात नव्हता. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं, आणि ते बघून गोष्टीबाई रडायच्या बेताला आली. आज वाचली, तर पुस्तकामुळं वाचणार. मग उद्यापासून इथं तिची गरज कुणाला?

"बाई," इस्त्रीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. हाताचे पोळलेले तळवे त्यांनी पदराला पुसले. "आज गोष्ट नाही?"

"मावशी, बसा. आज..."

"काल ती बाई गाडीतून दुसऱ्याचीच पेटी घेऊन घरी आली. पेटीत अर्धा विणलेला स्वेटर. पुढचं आज आम्ही सांगायचं होतं. मी दिवसभर इस्त्री करताना तेच घोकत होते."

"कसला स्वेटर?" साहेब सरसावून बसले.

गोष्टीबाईनं मोठ्या बाईंकडे बघितलं, मग भिंतीकडे. पलीकडचं खाकरणं थांबलं होतं. तिनं पुस्तक मिटलं.

"सांगा, मावशी," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

आणि मावशींनी सांगितलं. आधी अडखळत, मग सरळ, मग हातवारे करत. त्या बाईला पेटी परत द्यायची असते, पण तो अर्धा स्वेटर तिला बघवत नाही. लहान मुलाचा आहे, थंडी तोंडावर आहे. ती सुया घेते आणि बसते विणत. विणताना तिला धाकधूक, की बाह्या जास्त लांब तर होत नाहीत? आपण न बघितलेल्या लेकराचा हात केवढा असेल? पूर्ण झाल्यावर ती पेटी घेऊन स्टेशनात जाऊन बसते. गाड्या येतात, जातात. प्रत्येक बाईचे हात ती बघते, रिकामे आहेत का. शेवटी एक बाई कडेवर मूल घेऊन समोर येते, पेटीकडे बघते, आणि—

मावशी थांबल्या.

"आणि?" साहेब म्हणाले. "तिचीच होती का पेटी?"

"ते उद्या," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग भिंतीपलीकडून हिशेबाच्या सगळ्या वर्गाचा मोठा "अरेरे!" ऐकू आला. साहेब पोट धरून हसले.

"मोठ्या बाई, या मावशी सहा महिन्यांपूर्वी माझ्यासमोर बसल्या होत्या, आठवतं? मी नाव विचारलं तर मान खाली घातली होती. आणि आज मलाच टांगून ठेवलं यांनी!"

"पण साहेब, आवाज!" फटीतून मास्तरांचा चष्मा दिसला. "बघा ना, सगळं स्पष्ट ऐकू येतं."

"मग तुम्हाला काय वाटतं, मास्तर? पेटी तिचीच असेल?"

"असणारच," मास्तर चटकन म्हणाले. "नाही तर ती पेटीकडे बघेल कशाला?" आणि मग ओशाळून चष्मा मागं गेला.

मोठ्या बाई मात्र हसल्या नव्हत्या. "भिंतीत ही फट कशी राहिली?"

मिस्त्री दारात येऊन उभा होता. "माझी चूक," तो म्हणाला. "फळी तयार होती. मीच बसवली नाही. यात या बाईंचा काही दोष नाही, त्यांना आजच कळलं."

"आणि का नाही बसवली?"

त्यानं एकदा गोष्टीबाईकडे बघितलं. "ऐकायला."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी मिशीवर हात ठेवला. मोठ्या बाईंनी दोघांकडेही आळीपाळीनं बघितलं.

"तास चालू राहील," त्या म्हणाल्या. "पण फळी आत्ता बसेल. माझ्यासमोर."

तो पलीकडे गेला. फटीतून तिला त्याचा हात दिसला, कानावरची पेन्सिल दिसली, मग फक्त एक डोळा. मग तोही गेला. खिळे ठोकायचा आवाज आला. आणि तो थांबल्यावर पलीकडचं काहीच ऐकू येईना. पाय ओढल्याचा नाही, खोकल्याचा नाही. भिंत खरोखरच चांगली झाली होती.

गोष्टीबाईच्या मनासारखं झालं होतं. तास वाचला, काम वाचलं. तरी फळ्यावर लिहिताना तिचं अक्षर वाकडं येत होतं. आता तो गेला असेल. कामच संपलं, थांबेल कशाला? आणि मी त्याला काय बोलले... हौसेपायी, म्हणाले!

वर्ग सुटताच ती पलीकडे धावली. खोली झाडून ठेवलेली. स्टूल बाकाखाली सारलेलं. हत्यारं नव्हती, तो नव्हता. तशीच ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. पाऊस ओसरला होता, दिव्यांखाली रस्ता चकाकत होता, आणि पुढच्या वळणाशी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो चालला होता.

"अहो! अहो मिस्त्री!"

तो थांबला. ती धापा टाकत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मग नेहमीचंच झालं — शब्द घशात आडवे.

"फळी नीट बसली ना?" त्यानंच विचारलं.

"बसली. काही ऐकू येत नाही आता."

"मग छान झालं." त्याचा चेहरा मात्र छान झाल्यासारखा नव्हता. "उद्यापासून नदीपलीकडे काम आहे. दारांच्या चौकटी. बरेच दिवस चालेल."

"हो का."

"हो."

त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. आता नाही बोलले, तर हा जाईल. मी वर्गात माणसांना सांगते, बोला, चुकलं तरी चालेल, पण बोला. आणि स्वतः?

"रविवारी... रविवारी आमच्याकडे या," ती म्हणाली.

"काही दुरुस्तीचं काम आहे?"

"नाही. काही मोडलेलं नाही."

"मग?"

"वहिनी दार उघडेल. विचारेल, हे कोण? दादाही विचारेल. तेव्हा मी सांगेन."

"काय सांगाल, बाई?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कान तापले होते. पण या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"सांगेन की हे मला आवडतात."

मिस्त्रीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती नेमकी त्याच्याच पायावर पडली, रंधा, करवत, हातोडी सगळं घेऊन. तो कळवळलाही नाही.

"लागलं ना?" ती घाबरून म्हणाली.

"कुठं?" तो म्हणाला. "रविवारी किती वाजता येऊ, ते सांगा. आणि आईला बरोबर आणलं तर चालेल?"